भारतीय गणिती: ओळखायचे कसे, पारखायचे कसे, वर्गवारी करायची कशी

भारतीय गणितज्ञ म्हटलं की बहुतेकांना चार नावं आठवतात: आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आणि रामानुजन. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ इ. स. ११५० चा आणि रामानुजन जन्मले १८८७ साली. मधल्या सातशेहून अधिक वर्षांत या देशात गणित झालंच नाही, अशी समजूत त्यामुळे नकळत होऊन बसते. तसं मुळीच नाही. यादी नावांच्या मोठेपणावरून केली की असं होतं, म्हणून या लेखात उलट्या बाजूनं जाऊ. आधी प्रश्न पाहायचा, मग उत्तर, आणि नाव त्यानंतर. अमुक माणसानं कोणता प्रश्न हाती घेतला आणि तो कुठवर नेला हे कळलं, की त्याची जागा ठरवणं सोपं जातं.

हा लेख विद्यार्थी, शिक्षक, शाळेत गणित दिनाचं प्रदर्शन मांडणारे आणि नुसतं कुतूहल असलेले वाचक यांच्यासाठी आहे. संस्कृत यायला हवं असं नाही. दहावीपर्यंतचं गणित पुरेल.

पायरी १: एक वही आणि सहा रकाने

वहीत सहा रकाने आखा: नाव, काळ (आणि तो कशावरून ठरला), ठिकाण, ग्रंथ किंवा शोधनिबंध, प्रश्न, कामाचा प्रकार. ‘महान’, ‘थोर’, ‘जगात पहिला’ यांसाठी रकाना ठेवू नका. पहिलेपणाचा दावा करायचाच असेल, तर तो सगळ्यात शेवटी, बाकीचे रकाने भरून झाल्यावर.

ठिकाणाचा रकाना मोकळाढाकळा ठेवा. जन्मगाव, कामाचं गाव आणि पुरावा सापडलेलं गाव ही तीन वेगळी असू शकतात. भास्कराचार्य स्वतःचं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं ‘विज्जडविड’ असं सांगतात. ते नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यांच्या घराण्याचा ठोस दगडी पुरावा मात्र चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यानं तिथं मठ स्थापला आणि इ. स. १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, असं तो शिलालेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ निघतो, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत ती सांगितली जावी.

पायरी २: सारख्या नावांची माणसं वेगळी करा

इथं गोंधळ फार होतो. भास्कर दोन आहेत. पहिला सातव्या शतकातला: त्यानं ६२९ साली आर्यभटीयावर भाष्य लिहिलं आणि ज्या (साइन) काढण्याचं एक सुंदर अपूर्णांकी सूत्र दिलं. दुसरे ‘लीलावती’कार भास्कराचार्य, त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी झालेले. आर्यभटही दोन: एक ४९९ सालच्या आर्यभटीयाचा कर्ता आणि दुसरा ‘महासिद्धान्त’ लिहिणारा, कित्येक शतकांनंतरचा. गणिती महावीर हे नवव्या शतकातले जैन आचार्य, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. तीर्थंकर वर्धमान महावीरांशी त्यांची गल्लत करू नका. नावापुढे ग्रंथाचं नाव लिहायची सवय लावली की हा प्रश्न कायमचा मिटतो.

पायरी ३: काळ स्वतः काढून पाहा

जुने ग्रंथकार सन थेट आकड्यांत सांगत नसत. शब्द ओवून सांगत. भास्कराचार्यांचा हा श्लोकार्ध पाहा: ‘रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः’. रस सहा, म्हणून ६. गुण तीन, म्हणून ३. पूर्ण म्हणजे ०. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे असा संकेत आहे, म्हणून शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इ. स. १११४, हे त्यांचं जन्मवर्ष. पुढच्याच ओळीत ते म्हणतात की ‘रसगुण’ वर्षांचा असताना, म्हणजे ३६ व्या वर्षी, मी सिद्धान्तशिरोमणी रचला. १११४ आणि ३६ मिळून ११५०. या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात.

आर्यभटाचा हिशेब आणखी वेगळा आहे. तो म्हणतो, साठ वर्षांची साठ आवर्तनं, म्हणजे कलियुगाची ३६०० वर्षं लोटली तेव्हा माझ्या जन्माला २३ वर्षं झाली होती. कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ धरतात. इसवी सनात शून्य साल नाही हे लक्षात ठेवून मोजलं की ४९९ येतं, आणि जन्म ४७६. हे दोन्ही हिशेब एकदा स्वतःच्या हातानं करा. त्यानंतर कोणाच्याही काळापुढे ‘स्वतः सांगितलेला’, ‘शिलालेखावरून’ किंवा ‘अंदाजे’ यांपैकी एक शेरा मारल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. शुल्बसूत्रांचे (यज्ञवेदी आखण्याच्या भूमितीच्या सूत्रांचे) कर्ते बौधायन, आपस्तंब, कात्यायन आणि छंदःशास्त्रकार पिंगल यांच्यापुढे ‘अंदाजे’ हाच शेरा येईल, आणि तो प्रामाणिक आहे.

पायरी ४: ग्रंथाची जात ओळखा

‘सिद्धान्त’ हा खगोलगणिताचा मोठा, मुळापासून मांडणी करणारा ग्रंथ असतो. गणित त्यात अध्यायांच्या रूपानं येतं. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (६२८) बारावा अध्याय अंकगणित-भूमितीचा आणि अठरावा कुट्टकाचा, म्हणजे आपण ज्याला बीजगणित म्हणू त्याचा. ‘करण’ हा पंचांग करणाऱ्यांसाठीचा हाताशी ठेवायचा ग्रंथ. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ (१५२०) याच जातीचा. ज्या-कोटिज्या (साइन-कोसाइन) टाळून ग्रहगणित करण्याची त्यांची हातोटी इतकी सोयीची होती की महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून पंचांगं निघाली. पाटीगणित म्हणजे अंकगणित, बीजगणित म्हणजे अव्यक्त राशींचं गणित. महावीरांचा ‘गणितसारसंग्रह’ खगोल बाजूला ठेवून निव्वळ गणितासाठी लिहिला गेला, म्हणून त्याचं महत्त्व वेगळं.

टीकाग्रंथांकडे, म्हणजे मूळ ग्रंथ उलगडून सांगणाऱ्या ग्रंथांकडे, नवशिके दुर्लक्ष करतात. ते करू नका. मूळ ग्रंथ पद्यात, पाठांतरासाठी आटवलेला. कारणमीमांसा, जिला आपले पूर्वज उपपत्ती म्हणत, बहुतेक वेळा टीकेत सापडते. ग्रहलाघवकार गणेशांनीच लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. ‘भारतात फक्त नियम होते, सिद्धता नव्हत्या’ हे वाक्य कुठं वाचलंत, तर लिहिणाऱ्यानं टीका उघडलेल्या नाहीत असं समजा.

कधीकधी गणित भलत्याच शास्त्रात दडलेलं असतं. पिंगलाची छंदःसूत्रं काव्यासाठी आहेत, पण लघु-गुरूंच्या सर्व मांडण्या क्रमानं लिहिणं आणि मोजणं हे निखळ गणित आहे. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. तर ठरावीक मात्रांची वृत्तं किती? १, २, ३, ५, ८, १३… विरहांकानं ही रीत दिली, बाराव्या शतकात हेमचंद्रानं ती पुन्हा मांडली. आज जग या संख्यांना फिबोनाचीच्या नावानं ओळखतं, आणि त्याचं पुस्तक १२०२ सालचं आहे.

पायरी ५: एका प्रश्नाचा माग शेवटपर्यंत काढा

माझ्या मते वर्गवारी शिकण्याचा सगळ्यात चांगला मार्ग हाच आहे. दहा गणितज्ञांची दहा-दहा वाक्यं वाचण्यापेक्षा एका प्रश्नाचा हजार वर्षांचा प्रवास पाहा.

प्रश्न असा: एखाद्या वर्गाला दिलेल्या संख्येनं गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल का? याला वर्गप्रकृती म्हणत. ब्रह्मगुप्तानं ९२ ही संख्या घेतली आणि म्हटलं, जो वर्षभरात हे सोडवील तो गणक. आता त्याच्या रीतीनं आपण करू. १ चा वर्ग गुणिले ९२, अधिक ८, बरोबर १००, म्हणजे १० चा वर्ग. जवळ आलो, पण १ च्या जागी ८ आहेत. ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ सांगते की अशा दोन उत्तरांपासून तिसरं बनवता येतं. हेच उत्तर स्वतःशी जोडलं: १० चा वर्ग अधिक ९२, म्हणजे १९२. दुसरीकडे १० ची दुप्पट, म्हणजे २०. मिळवायची संख्या ८ चा वर्ग, म्हणजे ६४. आता १९२ आणि २० यांना ८ नं भागलं: २४ आणि अडीच. मिळवायची संख्या झाली १. अपूर्णांक नको म्हणून पुन्हा स्वतःशी जोडलं: २४ चा वर्ग ५७६, अधिक ९२ गुणिले सव्वासहा म्हणजे ५७५. एकूण ११५१. दुसरीकडे २ गुणिले २४ गुणिले अडीच, म्हणजे १२०. पडताळा घ्या: १२० चा वर्ग १४४००, गुणिले ९२ म्हणजे १३२४८००, अधिक १ म्हणजे १३२४८०१, आणि तो बरोबर ११५१ चा वर्ग.

पण सुरुवात चांगली मिळाली नाही तर भावना अडते. ही अडचण ‘चक्रवाल’ पद्धतीनं सुटली. उत्तर सापडेपर्यंत चाकासारखी फिरत राहणारी ही रीत जयदेव नावाच्या गणितीची असल्याचं १०७३ सालच्या एका टीकेवरून कळतं. त्याचा स्वतःचा ग्रंथ उरलेला नाही. भास्कराचार्यांनी तीच रीत वापरून ६१ साठी उत्तर दिलं: २२६१५३९८० चा वर्ग गुणिले ६१, अधिक १, बरोबर १७६६३१९०४९ चा वर्ग. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फर्मानं युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून जे प्रश्न टाकले त्यात हीच ६१ होती. या समीकरणाला आज पेल या इंग्रज गणितीचं नाव आहे. ऑयलरनं चुकून त्याला श्रेय दिलं आणि ते तसंच चिकटलं.

आता वहीत नोंदी कशा होतील पाहा. ब्रह्मगुप्त: मूळ साधन (भावना). जयदेव: सर्वसाधारण रीत, पुरावा दुसऱ्याच्या ग्रंथातून. भास्कराचार्य: रीतीची स्वच्छ मांडणी आणि अवघड उदाहरण. ही रीत नेहमी उत्तरापर्यंत पोचतेच याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही. असं समीकरण दर वेळी सुटतंच हे अठराव्या शतकात लाग्रांझनं सिद्ध केलं. हे लिहिल्यानं भास्कराचार्य तसूभरही लहान होत नाहीत. उलट त्यांनी नेमकं काय केलं ते आता तुम्हाला ठामपणे सांगता येतं.

पायरी ६: कामाचा प्रकार ठरवा

सहाव्या रकान्यात मी हे प्रकार वापरतो: नियम, आसन्न मूल्य, रीत, उपपत्ती, अनुमान, नवी संकल्पना, ग्रंथरचना, अध्यापन व संस्था. एकाच माणसापुढे तीन-चार प्रकार येऊ शकतात.

बौधायनाचा कर्णाचा नियम (आपण पायथागोरसचा म्हणतो तो) हा ‘नियम’. सूत्रात सिद्धता दिलेली नाही. कर्णाच्या अशा संख्या बाबिलोनच्या मातीच्या विटांवर त्याहून जुन्या सापडतात, हेही लिहा. त्याच शुल्बसूत्रातलं दोनाचं वर्गमूळ ‘आसन्न मूल्य’: १ अधिक एकतृतीयांश, अधिक एकबारांश, उणे एकचारशेआठांश. करून पाहा, पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं. आर्यभटाचा व्यास २०००० ला परीघ ६२८३२, म्हणजे ३.१४१६, हेही आसन्न मूल्य, आणि त्यानं स्वतः श्लोकात ‘आसन्न’ हा शब्द घातला आहे. आपलं उत्तर जवळचं आहे, नेमकं नाही, याची ही जाण मला त्या आकड्याइतकीच मोठी वाटते.

उपपत्तीच्या बाबतीत केरळकडे वळावं लागतं. संगमग्रामचा माधव (सुमारे १३४० ते १४२५) यानं परिघासाठी १ उणे १/३, अधिक १/५, उणे १/७ अशी न संपणारी श्रेढी (मालिका) दिली. ज्या आणि कोटिज्येच्याही श्रेढी दिल्या. त्याचे हे मूळ ग्रंथ आज मिळत नाहीत. शिष्यपरंपरेतल्या परमेश्वर, नीलकंठ सोमयाजी आणि ज्येष्ठदेव यांच्यामुळे ते ज्ञान टिकलं. ज्येष्ठदेवाची ‘युक्तिभाषा’ सोळाव्या शतकात मल्याळममध्ये लिहिली गेली आणि तिच्यात या श्रेढींच्या उपपत्ती पायरीपायरीनं दिल्या आहेत. आरंभी म्हटलेल्या ‘रिकाम्या’ सातशे वर्षांतला हा सगळ्यात तेजस्वी भाग. याच काळातला नारायण पंडिताचा ‘गणितकौमुदी’ (१३५६) हा ग्रंथही यादीत घ्या, त्यात जादूच्या चौरसांवर मोठं विवेचन आहे.

‘अनुमान’ हा प्रकार आधुनिक काळात फार उपयोगी पडतो. रामानुजनांनी १९१६ मध्ये टाऊ या फलाबद्दल एक अनुमान मांडलं, ते डेलीन्यनं १९७४ मध्ये सिद्ध केलं. श्रीराम अभ्यंकरांनी १९५७ मध्ये मांडलेलं अनुमान रेनो आणि हार्बेटर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं. योग्य प्रश्न योग्य शब्दांत विचारणं हीसुद्धा सिद्धी आहे. म्हणून अनुमान मांडणारा आणि सिद्ध करणारा अशा दोन नोंदी करा.

पायरी ७: विसाव्या शतकात शतक सोडा, शाखा धरा

इथून पुढे काळानुसार वर्ग करून फारसं काही कळत नाही. शाखा धरा. संख्याशास्त्रात प्रशांतचंद्र महालनोबिस (भारतीय सांख्यिकी संस्था, १९३१), सी. आर. राव (१९४५ चा शोधनिबंध, क्रामर-राव मर्यादा) आणि पुणे विद्यापीठात हा विषय रुजवणारे वि. श. हुजूरबाजार. समूहांच्या निरूपणात हरीश-चंद्र. बीजभूमितीत अभ्यंकर, शेषाद्री, नरसिंहन. संभाव्यतेत श्रीनिवास वरदन, ज्यांना २००७ चं आबेल पारितोषिक मिळालं. बीजगणितात आर. परिमला आणि नीना गुप्ता. एखादी संख्या मूळ आहे का, हे कार्यक्षमतेनं आणि खात्रीनं सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, ती गणित आणि संगणकशास्त्र दोन्हींत नोंदवा.

शरच्चंद्र श्रीखंडे यांच्याजवळ थोडं थांबा. ऑयलरनं १७८२ मध्ये म्हटलं होतं की ६, १०, १४ अशा आकारांसाठी परस्परलंब लॅटिन चौरसांची (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे चौरस; एकमेकांवर ठेवले तर चिन्हांची कोणतीही जोडी पुन्हा येत नाही असे) जोडी असूच शकत नाही. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं की ६ सोडून त्यापुढच्या सगळ्यांसाठी ती असते. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. मराठी वाचकाला हे नाव ठाऊक नसणं मला खटकतं.

दामोदर कोसंबी एका शाखेत मावत नाहीत: भूमिती, संभाव्यता आणि जनुकशास्त्रातलं कोसंबी सूत्र. इतिहासकार म्हणून ते प्रसिद्ध आहेतच. अशांना दोन-तीन ठिकाणी लिहा. नागरिकत्वाचीही नोंद ठेवा. मंजुल भार्गव कॅनडात जन्मले. अक्षय व्यंकटेश दिल्लीत जन्मले आणि ऑस्ट्रेलियात वाढले. दोघांना फील्ड्स पदक मिळालं (२०१४ आणि २०१८). ‘भारतीय वंशाचे’ असं लिहिलंत तर ते नेमकं होईल.

अध्यापन आणि संस्था या प्रकारात केरूनाना छत्रे, १८९९ चे सीनियर रँग्लर (केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आलेले) र. पु. परांजपे आणि मराठीतून गणित सोपं करून सांगणाऱ्या मंगला नारळीकर यांना मानाची जागा द्या.

पायरी ८: कानावरचे दावे तपासा

‘आर्यभटानं शून्याचा शोध लावला.’ शून्याच्या तीन गोष्टी आहेत: रिकाम्या स्थानाची खूण, लिहिलेला आकडा आणि गणितातली संख्या. खूण म्हणून ठिपका बखशाली गावी सापडलेल्या जुन्या गणिती हस्तलिखितात दिसतो. ग्वाल्हेरच्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे वर्तुळाकार शून्यासह कोरलेले आहेत. शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा हे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये दिले. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, हे त्याचं म्हणणं मात्र आज आपण स्वीकारत नाही. दावा ऐकलात की आधी विचारा, यातलं कोणतं शून्य?

‘वैदिक गणित’ या नावाचं पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या युक्त्या झटपट आकडेमोडीच्या आहेत आणि मुलांना आवडतात. पण ती सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत. वेदकाळाच्या गणितासाठी शुल्बसूत्रं लिहा, हे पुस्तक विसाव्या शतकात नोंदवा. शकुंतला देवींचा मनातल्या मनात गुणाकार थक्क करणारा होता. ते कौशल्य ‘गणन’ या स्वतंत्र रकान्यात जातं, संशोधनात नाही. आणि लीलावतीच्या लग्नाची, घटिकापात्रात मोती अडकल्याची कथा लीलावती ग्रंथात नाही. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली. कथा जरूर सांगा, पण कुठली ते सांगून.

पहिल्या नोंदी कोणत्या क्रमानं कराव्यात

सुरुवात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्यापासून करा, कारण त्यांचं काम पेन्सिलीनं लगेच पडताळता येतं. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथंच राहता. त्यानंतर ब्रह्मगुप्ताचे ९२, मग माधवाची श्रेढी, मग श्रीखंडे.

रामानुजनांची नोंद मुद्दाम थोडी उशिरा करा, म्हणजे नुसत्या १७२९ च्या किश्शावर ती संपणार नाही. आधी हातानं मोजा: ४ ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेत किती प्रकारे लिहिता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, असे पाच. ५ चे सात होतात, १० चे ४२. आता २०० चे किती? मॅकमहॉन यांनी कष्टानं मोजून आकडा काढला: ३९७२९९९०२९३८८. हार्डी आणि रामानुजन यांच्या १९१८ च्या सूत्रातून येणारी किंमत याच पूर्णांकाला जाऊन भिडते. १० पर्यंतची मोजणी स्वतः करून मगच त्यांच्यापुढचा सहावा रकाना भरा.